टॉवेल-टोपीचा मान

प्रिय शिवलीला,

हॉस्टेलवर आजकाल कुणालाच पत्र येत नाही, त्यामुळे हे पाकीट हातात पडलं की खोलीतल्या मुली तुला चिडवणार, कुणाचं गं, म्हणून. सांग त्यांना, आईचं आहे. दर रविवारी आपण बोलतो ते रेक्टरबाईंच्या टेबलावरच्या फोनवर. तुझ्या मागे मुलींची रांग, बाई समोर हजेरी भरत बसलेल्या, आणि तू नुसतं हं हं करतेस. तिथं ख्यालीखुशाली कळते, भांडता येत नाही. आणि मला तुझ्याशी चांगलं मनसोक्त भांडायचं आहे. आज कामाला सुट्टी आहे, अव्वा जेवून आडवी झाली आहे, ऊन असं आहे की दारात कुत्रंसुद्धा फिरकत नाही. म्हणून वहीची पानं फाडून बसले.

गेल्या रविवारी तू हं हं सोडून एक पूर्ण वाक्य बोललीस. "आई, ते पोकलेनचं काम सोड आणि वीरण्णाकाकांच्या दुकानात बस." तेवढ्यात मागच्या मुलीनं घाई केली आणि फोन तिच्या हातात गेला. माझं उत्तर राहूनच गेलं, तेव्हा मी विचार करते आहे असं तुला वाटलं असेल. केला विचार. सोडणार नाही. हे पहिल्याच पानावर सांगून टाकलं म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील, उगाच जीव टांगणीला नको.

घरचं सगळं बरं आहे, म्हणजे या उन्हाळ्यात जेवढं बरं असू शकतं तेवढं. गावात टँकर एक दिवसाआड येतो. आपली विहीर इतकी आटली की तळाशी उतरून पोरांनी हरवलेले सगळे चेंडू शोधून आणले. बैल चारा छावणीवर आहेत. अव्वा रोज ऊन उतरल्यावर चालत त्यांना बघायला जाते आणि परत येऊन तक्रार करते की पांढऱ्यानं ओळखच दाखवली नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते आम्ही टीव्हीवर बघितलं. अव्वानं विचारलं, त्यातलं माझ्या नातीच्या वाट्याला किती आलं. एक बादली, मी म्हटलं. तू केस कापलेस हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. बरं केलंस. न विचारता कापलेस तेही बरं केलंस. बादलीभर पाण्यात एवढा मोठा शेपटा धुणार तरी कशी?

आता भांडणाकडे येते. तुला वाटतं मी हे काम नाइलाजानं पत्करलं. काकांना वाटतं माझं डोकं फिरलं. दोघांनाही मुळात काय झालं ते नीट माहीत नाही, कारण तू तेव्हा परत लातूरला गेली होतीस आणि काकांनी ऐकून घेतलं नव्हतं. म्हणून येळवसपासून सांगते.

यंदाच्या येळवशीला, अमावस्येला रान पुजायला गेलो तेव्हा, शेतात काय होतं ते तू पाहिलंस. ज्वारी घोट्याएवढी येऊन वाळून गेलेली. तरी अव्वानं भज्जी केली, उंडे केले, आंबिलीनं मातीचा बिंदगा भरला. पूजेचं खोपटं, कोप, तीसुद्धा मागच्या वर्षीच्या कडब्याची. तुझे बाबा गेल्यापासून आंबील शिंपडायला काका येतात, कारण पुरुषमाणसानं शिंपडायची. यंदा त्यांनी औशाहून निरोप धाडला, रानात हाय काय शिंपडायला. तू तुझ्या पुस्तकात डोकं घालून कोपीच्या सावलीत बसली होतीस, म्हणून तुला दिसलं नाही. मी बिंदगा काखेत घेतला आणि रानाला फेरी घालून आले. अव्वा बघत होती. तिनं रिकामा बिंदगा माझ्या हातातून घेतला.

त्याच आठवड्यात गावात जीप फिरली. नांदेडला बायकांसाठी अवजड यंत्रं चालवायचं शिक्षण, राहणं-खाणं फुकट, दुष्काळी गावांना आधी जागा. पारावरची माणसं पोट धरून हसली. जीपमधून टाकलेल्या कागदांत दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्यानं भजी बांधून दिली. मी भजी खाल्ली आणि कागद पुसून ठेवला. खुरपणीला कुणी बोलवत नव्हतं, कारण खुरपायला काही उगवलंच नव्हतं. रोजगार हमीवर माती डोक्यावर वाहायची ती मी वाहत होतेच. त्या कामावर एक दिवस पोकलेन आलं आणि आम्ही पंधरवडाभर जेवढी माती वाहिली तेवढी त्यानं दुपारच्या जेवणाआधी उचलून टाकली. बाकीच्या बायकांनी त्याला शिव्या दिल्या. मी आत कोण बसलं आहे ते बघत होते. एक किडकिडीत पोरगा होता, तंबाखू चोळत होता. त्याला जमतं तर मला का नाही, एवढंच डोक्यात आलं.

नांदेडच्या बाहेर माळावर पत्र्याची मोठी शेड, तिथं आमचं शिक्षण. शिकवायला नरसिंग सर. ते उमरीचे. पुरुष हे काम कसं शिकतात ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आधी कित्येक वर्षं हेल्पर म्हणून राहायचं, ग्रीस भरायचं, ऑपरेटरला चहा आणायचा, त्याचे कपडे धुवायचे, रात्री मशीनखाली झोपायचं. मग कधीतरी ऑपरेटर जेवायला गेला की लिव्हर हातात मिळतं, तेही त्याच्या मर्जीवर. शाळा-बिळा काही नसते. "आता बाईला मशीनखाली कोण झोपू देईल, सांगा," सर म्हणाले. म्हणून आम्हाला ही शेड. शिकताना मला पुष्कळदा वाटलं की मशीनखाली झोपणं परवडलं असतं, कारण सर दुपारच्या उन्हात ग्रीसगन देऊन यंत्राच्या पोटाखाली पाठवायचे आणि ग्रीस भरायचं एकही निपल चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या शेजारच्या खाटेवर सरजाबाई होती, माहूरची. गडाखाली कुंकवाच्या पुड्या विकायची. दुष्काळानं जत्रेकरू आटले तशी इकडे आली. माझ्याहून वयानं मोठी, अंगानं माझ्या दुप्पट आणि जीभ त्याहूनही लांब. आम्ही सगळ्या केबिनकडे बघत उभ्या होतो, तेव्हा तीच पहिली चढली. सरांनी लिव्हर समजावले. डाव्या हातानं यंत्र वळतं आणि दांडा आत-बाहेर होतो, उजव्यानं यंत्राचा मोठा हात, म्हणजे बूम, उचलली जाते आणि बकेट भरते, आणि हे सगळं एकाच वेळी करायचं. शिकाऊ पुरुषांना यातच महिना लागतो म्हणे. सरजाबाई म्हणाली, यात काय शिकायचं, एका हातानं भाकरी थापते अन् दुसऱ्यानं चुलीतलं जळण मागं सारते, जन्मभर तेच केलंय. बोलली आणि पहिल्याच झटक्यात बकेट शेडच्या खांबाला घासली. सरांनी कपाळाला हात लावला. आम्ही इतक्या हसलो की दोघींना खाली बसावं लागलं.

मी पहिल्या परीक्षेत नापास झाले, हे तुला सांगितलं नव्हतं. तू नापास शब्द ऐकला की घाबरतेस, म्हणून. परीक्षा अशी की ठरलेल्या वेळात ठरलेला चर खणायचा आणि माती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायची. मी खणायला लागले तर वर हातभर काळी, खाली मुरूम. आता काळीत मुरूम मिसळला की ती माती शेताला काय कामाची? माझा हात वळेना. काळी एका अंगाला ढीग, मुरूम दुसऱ्या अंगाला. वेळ संपली तेव्हा ट्रॉली अर्धी रिकामी होती आणि माझे ढीग मात्र देखणे. सर म्हणाले, बाई, हे तुमचं रान न्हाई, परीक्षा हाय. मी म्हटलं, माती तर खरीच आहे ना सर. त्यांनी शून्य दिलं आणि वर बजावलं की पुढच्या खेपेला ढीग दिसला तर घरी पाठवीन. पुढच्या खेपेला मी दात आवळून सगळं एकत्र भरलं आणि पास झाले. सरजाबाई म्हणते, तू चर खणताना तुझं तोंड असं होतं जणू कुणी दुधात मीठ टाकून राहिलंय.

काम मला भुजंगराव ठेकेदारांनी दिलं. उपकार म्हणून दिलं नाही. लगनसराईत त्यांचे बाहेरगावचे ऑपरेटर गावी निघून गेले आणि इकडे गावोगावी तळ्यातला गाळ काढायची कामं निघालेली. यंत्र उभं, माणूस नाही. तेव्हा त्यांना बाई आठवली. त्यांनी मला उदगीरकडच्या एका तळ्यावर पाठवलं. तिथल्या एका म्हातारीच्या घरी मी आठवडाभर राहते आणि रविवारी घरी येते. तळं म्हणायचं एवढंच, भेगाळलेला तळ आणि मध्ये बाभळी उगवलेल्या.

आता त्या फोटोचं सांगते, ज्यानं हे सगळं सुरू झालं. तू पेपरात फक्त फोटो पाहिलास, तिथं काय झालं ते तुला कुणी सांगितलं नाही. काम सुरू व्हायच्या दिवशी पूजा ठेवली होती. सरपंचांनी बॅनर लावला, त्यावर गावाच्या नावाखाली तालुक्याऐवजी 'नियोजित जिल्हा उदगीर' असं छापलं होतं. माणसं यंत्रापेक्षा त्यावरच बोलत होती, कुठलं गाव नव्या जिल्ह्यात जाणार आणि कुणाचं लातूरातच राहणार. लातूरचा जिल्हा झाला तेव्हा मी रांगत होते. जिल्हे होतात, पाणी काही त्यांच्यामागून चालत येत नाही. पण ते जाऊ दे. तुला रीत ठाऊक नसेल म्हणून सांगते. पोकलेन गावात आलं की आधी यंत्राची पूजा होते, मग ऑपरेटरला गंध लावून टॉवेल-टोपी आणि नारळ देतात. तो गावाचा मान असतो, कारण जमिनीला पहिला हात तो लावणार. टोपी घातल्याशिवाय ऑपरेटर यंत्र सुरू करत नाही.

तबकात टॉवेल-टोपी तयार होती. मी केबिनमधून खाली उतरले आणि सगळे थांबले. भुजंगरावांनी गावाला सांगितलंच नव्हतं की ऑपरेटर बाई आहे. गुरुजी तबक घेऊन तसेच उभे. टोपी बाईला कशी द्यायची? कुणीतरी म्हणालं, बाईमाणूस हाय, खण आणा, ओटी भरा. दोघी-तिघी धावल्या, तांदूळ घेऊन आल्याही. मग त्यांतल्या एकीनं माझ्या कपाळाकडे बघितलं आणि दुसरीच्या कानाला लागली. तुझे बाबा गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, हे तुला माहीत आहे. शर्ट-पँट घातली, हेल्मेट घातलं, तरी तेवढं कपाळ दिसतंच. तांदळाचं ताट पुन्हा पदराखाली गेलं. टोपी देता येईना, ओटी भरता येईना, आणि शंभर माणसं माझ्याकडे बघत उभी. एक जण हळूच म्हणाला की दुसरा ऑपरेटर मिळतो का बघा.

तेव्हा माझं टाळकं सटकलं. मी हेल्मेट काढलं आणि सरपंचांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मान ऑपरेटरचा हाय ना? मग द्या ती टोपी. बाईच्या डोक्याला बसत न्हाई का?" त्यांचा हात पुढे झाला नाही. मग गर्दीतून एक म्हातारा आला. नाव मला अजून माहीत नाही. त्यानं तबकातली टोपी उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली. मी ती घातली. टॉवेल त्यानंच खांद्यावर टाकला. टोपीवर हेल्मेट बसत नव्हतं, म्हणून पहिली बकेट मी टोपीवरच भरली, नरसिंग सर तिथं असते तर नापासच केलं असतं. खाली पोरं शिट्ट्या मारत होती, मोबाइल काढत होती. मला ते ऐकू येत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. मी गाळाचा वरचा थर बघत होते. काय काळा होता गं! दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टरवाले माझ्याच बाजूला रांग लावायला लागले, कारण माझ्या बकेटमध्ये मुरूम येत नाही. भुजंगराव कुरकुरतात की हात मंद आहे. कुरकुरू देत.

फोटो पेपरात आला तेव्हा खाली सरपंचांचं, सदस्यांचं, ठेकेदाराचं नाव होतं आणि माझ्या जागी 'महिला चालक'. जागा पुरली नसेल. वीरण्णाभावजी तो पेपर घेऊनच घरी आले. त्यांना राग टोपीचा जास्त आला की पँटचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. घराण्याचं नाव, बाजारातली पत, तुझं पुढचं लग्न, सगळं बोलून झालं. मग मऊ आवाजात म्हणाले की दुकानात आत बसून डाळ निवडायला, पुड्या बांधायला घरचं माणूस हवंच आहे, उन्हातान्हात फिरायची काय गरज. अव्वा इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं मला विचारलं, "त्या मशीनीत वारा हाय का गं, थंड?" मी म्हटलं, हाय. म्हणाली, "मग ऊन कसलं? माझा जल्म उन्हात गेला तवा कोन म्हनलं न्हाई, आत बस." भावजी चहा अर्धा टाकून उठले. ते वाईट नाहीत, बाबांच्या मागं त्यांनीच आपल्याला धरून ठेवलं, हे मी विसरत नाही. पण त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीला खिडकी नाही, हे तू विसरू नकोस.

आणि तू. तुझे बाबा दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे, हे तू पहिलीत असल्यापासून सगळ्यांना सांगत आली आहेस. निबंधात लिहिलं होतंस, माझे बाबा ट्रॅक्टर चालवायचे, ते गेले तरी मला त्यांचा अभिमान वाटतो. बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता. मी तो निबंध ट्रंकेत ठेवला आहे. मग माझ्याच यंत्राला काय झालं? बाबांच्या ट्रॅक्टरसारखे तीन ट्रॅक्टर माझ्या एका बकेटसमोर तोंड वासून उभे असतात. बाबा असते तर माझ्या केबिनच्या पायरीवर बसून दिवसभर बघत राहिले असते आणि मध्येच म्हणाले असते, उमे, मला एकदा चालवू दे. मी दिलं नसतं.

आता जे लिहायला इतकी पानं लागली ते लिहिते. फोटोनंतरच्या आठवड्यात मी तुला धपाटे आणि शेंगाचटणी द्यायला आले होते, आठवतं? तू डबा घेतलास आणि गेटवरूनच मला वळवलंस, क्लास आहे म्हणालीस. परत जाताना लातूरच्या स्टँडवर तुझ्या खोलीतल्या मुलीची आई भेटली, कस्तुराबाई, औशाच्या. प्रवेश घ्यायच्या दिवशी आपण एकत्र चहा घेतला होता, त्या. त्यांनी माझा हात धरला आणि कौतुकानं म्हणाल्या, "पेपरातली ती तुमची बहीण काय हिमतीची हो! शिवलीलानं पोरींना सांगितलं, ती मावशी हाय म्हणून. तोंडावळा अगदी तुमचाच." मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, हाव, मावशीच. धाकटी हाय. पहिल्यापासून आगाऊ.

हसून म्हटलं. बस आली, चढले, खिडकीशी बसले आणि निलंगा येईपर्यंत तोंडाला पदर लावून रडले. मला फार लागलं, शिवलीला. शंभर माणसांनी टोपी द्यायला हात आखडला तेव्हा लागलं नाही एवढं लागलं. तू लहान आहेस, शहरातल्या पोरींत राहतेस, त्यांचे आईबाप डॉक्टर, मास्तर. मला कळतं. मी तुझ्या वयाची असताना माझ्या आईला गोवऱ्या थापताना मैत्रिणींनी बघू नये असं मलाही वाटायचं. म्हणून त्या दिवशी मी तुला झाकलं. आई आहे मी, लेकराला भरबाजारात उघडं पाडणार नाही. पण घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तुला झाकताना मलाच पुसून टाकलं. जिथं खरोखर माझं नाव हवं होतं, तिथं मी आपल्या तोंडानं एक बहीण जन्माला घातली आणि सगळी हिंमत तिला देऊन टाकली. ते पुन्हा होणार नाही.

आणखी एक. मी नांदेडला असताना तू सरजाबाईच्या फोनवर म्हणाली होतीस, मी शिकून मोठी झाले की तुला हे करावं लागणार नाही. तुझं मन चांगलं आहे. पण ऐक, मी हे तुझ्यासाठी करते असं कुणाला सांगू नकोस, कारण ते खरं नाही. लोक मला विचारतात तेव्हा मीही म्हणते, काय करणार, पोरीचं शिक्षण आहे. तेवढं म्हटलं की त्यांना बरं वाटतं, बाईनं नाइलाजानं केलेलं सगळं चालतं. तुला खरं सांगते. मला हे काम आवडतं. केबिनमध्ये चढले की मला लिंबाचा शेंडा समोर दिसतो, माणसांच्या टोप्या वरून दिसतात. हात हलवला की जमीन हलते. आयुष्यभर मी वाकून माती बघितली, आता बसून बघते. उद्या तू डॉक्टर झालीस, मला बंगल्यात ठेवलंस, तरी मी सकाळी डबा घेऊन यंत्रावर जाणार. मला कुणी त्यातून सोडवायला नको.

तर हे पत्र का लिहिलं ते आता सांगते. तुमच्या कॉलेजनं मैदानाच्या मागच्या बाजूला मोठं तळं खणायचं ठरवलं आहे. पाऊस पडेल तेव्हा सगळ्या इमारतींच्या छपरांचं पाणी त्यात उतरवायचं, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तुम्हा पोरींना बादली मोजून मिळणार नाही. काम भुजंगरावांना मिळालं. शहरातलं काम, शिकलेली मुलं-मुली बघणार, म्हणून ते दुसऱ्या ऑपरेटरला पाठवणार होते. मी त्यांच्याकडून ते मागून घेतलं. सोमवारी ट्रेलरवरून यंत्र येईल आणि मी त्याच्याबरोबर असेन. तुझ्या हॉस्टेलच्या खिडक्या त्याच बाजूला आहेत, मी बघून आले. तुला ते अचानक दिसू नये, मैत्रिणींसमोर तुझी धांदल होऊ नये, म्हणून चार दिवस आधी कळवते आहे, एवढीच सवलत. खिडकी लावून घेतलीस तरी मी रागावणार नाही, फक्त त्या आवाजात तुझा अभ्यास होणार नाही. दुपारच्या सुट्टीत मी मैदानाच्या कडेच्या झाडाखाली डबा उघडून बसेन. दोघींना पुरेल एवढं आणीन. यायचं असेल तर सगळ्यांच्या समोरून, मैदान ओलांडून, आईकडे ये. मावशीला भेटायला मात्र येऊ नकोस.

तुझीच,
आई
(उमादेवी, पोकलेन ऑपरेटर)